जामीनदाराची सही

६ ऑगस्ट २०२४ रोजी कमला हॅरिस यांनी उपाध्यक्षपदासाठी आपल्यासोबत टिम वॉल्झ उभे राहतील असं जाहीर केलं, आणि पुष्कळांनी फोन काढून पहिली गोष्ट शोधली ती ही: हे कोण? मिनेसोटा राज्याचे गव्हर्नर. त्याआधी १२ वर्षं प्रतिनिधिगृहात. त्याही आधी शाळेत शिक्षक आणि फुटबॉलच्या संघाचे प्रशिक्षक. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं आणि खुद्द अमेरिकेतही अनेकांना ते नवीनच होतं.

ती जोडी पुढे हरली, ते सोडून देऊ. त्या निवडीच्या आधीचे दोन आठवडे मला जास्त आठवतात. तेव्हा प्रत्येक नावापुढे एकच हिशेब मांडला जात होता: हा माणूस कोणतं राज्य जिंकून देईल? पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपिरो यांचं नाव निघालं की लगेच त्या राज्याची १९ मतं मोजली जायची. यात चूक काही नाही. निवडणूक जिंकण्यासाठीच लढवतात.

पण त्या हिशेबाखाली एक दुसरा प्रश्न दबून जातो. ज्याला लोक ओळखत नाहीत अशा माणसाला पुढे करून ‘याच्यावर भरवसा ठेवा’ असं सांगण्याचा अधिकार कुणाला, आणि कशाच्या जोरावर मिळतो? माझं म्हणणं असं की हा अधिकार मिळू शकतो. कधीकधी तर प्रसिद्ध माणसाला बाजूला ठेवून अनोळखी माणसाला पुढे करणं हेच योग्य असतं. मात्र त्याची किंमत असते, आणि ती शिफारस करणाऱ्याने भरायची असते.

पाचात एक

‘रनिंग मेट’ हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आलेला आहे. एकाच मालकाच्या तबेल्यातल्या मुख्य घोड्याला वेग मिळावा म्हणून सोबत पळवला जाणारा दुसरा घोडा, तो रनिंग मेट. तो जिंकावा अशी कुणाची अपेक्षाच नसते.

उपाध्यक्षपदही बरंचसं तसंच आहे. सिनेटचं अध्यक्षस्थान भूषवायचं, समसमान मतं पडली तर एक मत द्यायचं, बाकी वाट पाहायची. पहिले उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी तर बायकोला लिहिलेल्या पत्रात या पदाच्या निरर्थकपणाबद्दल तक्रारच केली होती.

पण आतापर्यंत ४५ व्यक्ती अमेरिकेच्या अध्यक्ष झाल्या. त्यांतले ९ जण अध्यक्षपदावर पोहोचले ते आधीचा अध्यक्ष मेला किंवा पायउतार झाला म्हणून. १८४१ मध्ये जॉन टायलर, १९७४ मध्ये जेराल्ड फोर्ड, आणि मधे सात. म्हणजे पाचात एक. शर्यतीत वेग देण्यासाठी आणलेला घोडा दर पाच वेळांत एकदा स्वतःच गाडीला जुंपला गेला आहे.

म्हणून दुसऱ्या माणसाची निवड करणं म्हणजे आपल्या मरणानंतरची व्यवस्था करणं. ही निवड ज्यांना भोगावी लागणार ते लोक त्या खोलीत नसतात. मत देताना त्यांनी वरच्या नावाकडे पाहिलेलं असतं, खालचं नाव त्यासोबत आलेलं असतं. आपण दुसऱ्यांच्या वतीने, त्यांना न विचारता, त्यांच्या वाट्याला एक माणूस देत असतो. नैतिक प्रश्न इथे सुरू होतो.

मिझुरीचा तो सिनेटर

१९४४ चं उदाहरण घेऊ. फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहणार होते. महायुद्ध चालू होतं. मार्च महिन्यात हॉवर्ड ब्रून नावाच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी त्यांना तपासलं तेव्हा रक्तदाब भलताच वाढलेला आणि हृदय थकलेलं आढळलं. लोकांना यातलं काही सांगितलं गेलं नाही. पण पक्षाच्या पुढाऱ्यांना डोळे होते. हा माणूस चार वर्षं काढणार नाही हे त्यांना दिसत होतं, आणि म्हणून उपाध्यक्ष कोण हा प्रश्न त्यांच्यासाठी पुढचा अध्यक्ष कोण असाच होता.

नावं मोठमोठी होती. सध्याचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस कामगारांचे आणि उदारमतवाद्यांचे लाडके होते. जेम्स बर्न्स तर काँग्रेस, सर्वोच्च न्यायालय आणि सरकार, तिन्ही ठिकाणी काम करून आलेले. या रांगेत हॅरी ट्रुमन हे नाव फिकट होतं. पदवी नाही. तरुणपणी शेती केलेली. कॅन्सस सिटीत मित्राबरोबर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं, ते १९२२ मध्ये बुडालं. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं होण्याऐवजी त्यांनी कर्ज कित्येक वर्षं फेडत आणलं. राजकारणात आले ते टॉम पेंडरगास्ट या स्थानिक दादाच्या आशीर्वादाने, आणि सिनेटमध्ये गेल्यावर ‘पेंडरगास्टचा सिनेटर’ हा शिक्का घेऊनच बसले. तो पेंडरगास्ट पुढे १९३९ मध्ये कर चुकवल्याबद्दल तुरुंगात गेला.

मग अशा माणसाची बाजू कशी मांडायची?

१९४१ च्या सुरुवातीला ट्रुमन यांच्या कानावर लष्करी छावण्यांच्या बांधकामातल्या उधळपट्टीच्या तक्रारी आल्या. त्यांनी स्वतःची गाडी काढली आणि हजारो मैल फिरून त्या छावण्या पाहिल्या. बांधकामाचं सामान पावसात, बर्फात पडलेलं. कामगार नुसते उभे. कंत्राटंच अशी की जितका खर्च वाढेल तितका कंत्राटदाराचा फायदा. परत येऊन त्यांनी सिनेटमध्ये चौकशी समिती मागितली. ती मिळाली, खर्चाला मिळाले १५,००० डॉलर.

त्या समितीने पुढच्या तीन वर्षांत जे केलं ते कंटाळवाणं काम होतं. साक्षी, हिशेब, कारखान्यांच्या भेटी. १९४३ मध्ये ओहायोतल्या कर्टिस-राइट कंपनीच्या कारखान्यात विमानांची सदोष इंजिनं तपासणीत पास करून लष्कराला दिली जात होती हे तिने बाहेर काढलं. समितीत दोन्ही पक्षांचे लोक होते, तरी अहवाल एकमताने येत. आणि लक्षात घ्या, चौकशी चालली होती ती ट्रुमन यांच्या स्वतःच्याच पक्षाच्या सरकारची. दुसरीकडे यादवी युद्धाच्या काळातल्या अशाच एका समितीने लिंकन यांच्या लष्करी निर्णयांत ढवळाढवळ करून किती घोळ घातला होता, हेही त्यांनी वाचलेलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःला बंधन घातलं: युद्ध कसं लढायचं यात पडायचं नाही, पैसा कुठे जातो एवढंच पाहायचं.

ट्रुमन यांची बाजू मांडायची तर मी भाषणं दाखवणार नाही, हे दाखवीन. आपल्याच घरातल्या चोरीबद्दल बोलण्याचं धैर्य आणि आपलं काम कुठे संपतं याची जाण. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला नेमकं हेच दोन्ही लागतं.

अनोळखी आणि अपरीक्षित

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. प्रसिद्धी ही नुसती चमक नसते, ती चाळणीही असते. वीस वर्षं कॅमेऱ्यासमोर असलेल्या माणसाची भांडणं, पैसे, चुका सगळं चघळून झालेलं असतं. अनोळखी माणूस या चाळणीतून गेलेला नसतो. मग त्याला थेट अध्यक्षपदाच्या उंबऱ्यावर नेऊन बसवणं हा लोकांच्या जिवाशी जुगार नव्हे काय?

१९६८ मध्ये रिचर्ड निक्सन यांनी मेरिलँडचे गव्हर्नर स्पायरो ॲग्न्यू यांना निवडलं. ‘स्पायरो कोण?’ हा त्या उन्हाळ्यातला विनोद झाला. हे गृहस्थ कंत्राटदारांकडून पैसे घेत होते: स्थानिक प्रशासनात असताना, गव्हर्नर असताना, आणि उपाध्यक्ष झाल्यावरही. १० ऑक्टोबर १९७३ रोजी कर चुकवल्याच्या आरोपाला आव्हान न देता त्यांनी राजीनामा दिला. दहा महिन्यांनी निक्सन स्वतःच पायउतार झाले. चौकशी करणारे वकील थोडे ढिले पडले असते तर पाकिटं घेणारा माणूस अमेरिकेचा अध्यक्ष झाला असता.

१९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी मिझुरीचेच सिनेटर टॉमस ईगल्टन यांना घाईगर्दीत, फोनवरच्या काही मिनिटांच्या बोलण्यावर निवडलं. ईगल्टन यांनी नैराश्यासाठी रुग्णालयात उपचार घेतले होते, विजेचे झटकेही घेतले होते. ते बाहेर आलं तेव्हा मॅकगव्हर्न म्हणाले, मी हजार टक्के त्यांच्या पाठीशी आहे. निवडीनंतर अवघ्या १८ दिवसांत ईगल्टन बाजूला झालेले होते.

या दोन गोष्टी एकाच माळेत ओवतात, पण त्या एक नाहीत. ॲग्न्यू यांचा दोष त्यांचा होता. ईगल्टन यांचा आजार हा दोष नव्हता. पुढे १९८७ पर्यंत ते सिनेटमध्ये काम करत राहिले. दोष होता तो विचारायला वेळ न काढणाऱ्यांचा. एका माणसाला जगासमोर उभं करायचं, त्याच्याशी धड बोलायचंही नाही, आणि लोक ओरडायला लागले की हात काढून घ्यायचा. यात फसवणूक मतदारांची जितकी झाली तितकीच ईगल्टन यांची झाली. ज्याची आपण शिफारस करतो त्याच्याही बाबतीत आपलं काही कर्तव्य असतं, हे सहसा कुणी बोलत नाही.

तर आक्षेपाला माझं उत्तर हे: अनोळखी आणि अपरीक्षित हे दोन वेगळे शब्द आहेत. ट्रुमन अनोळखी होते, अपरीक्षित नव्हते. प्रसिद्धी ही एक परीक्षा आहे हे खरं, पण ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिलेली परीक्षा आहे. लोक बघत असताना माणूस कसा वागतो एवढंच ती सांगते. कुणी बघत नसताना तो कसा वागतो हे जाणून घ्यायला दुसरी कागदपत्रं लागतात. जुने हिशेब. ज्यांचा त्याला काही उपयोग नव्हता अशा लोकांच्या आठवणी. त्याने कुणाला ‘नाही’ म्हटलं आणि त्यासाठी काय गमावलं, याची नोंद. ही कागदपत्रं मतदार वाचत नाहीत, वाचू शकत नाहीत. ती वाचण्याचं काम शिफारस करणाऱ्याचं.

जामीनदार

मी शाळेत असताना बाबांच्या ऑफिसातले एक सहकारी पतसंस्थेचा फॉर्म घेऊन घरी आले. कर्जाला दोन जामीनदार हवे होते. बाबांनी फॉर्म ठेवून घेतला, सही केली नाही. रविवारी ते त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन आले आणि मग सही केली.

मी विचारलं, “बाबा, तुम्ही तिथे काय बघितलंत?”

“त्याच्या बायकोला कर्जाचं माहीत आहे का, ते बघितलं,” ते म्हणाले.

पगाराची स्लिप नाही बघितली, घराची किंमत नाही बघितली. जो माणूस हे घरी सांगू शकतो तो लपवाछपवी करणार नाही, एवढा एक धागा त्यांनी धरला. पुढे एका वर्षी त्या सहकाऱ्याचे दोन-तीन हप्ते थकले. पतसंस्थेने बाबांच्या पगारातून कापून घेतले. आई चिडली होती. बाबा एवढंच म्हणाले, “सही माझी आहे.”

राजकारणात ‘शिफारस’ हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. प्रसिद्ध माणसाची शिफारस करायला काही लागत नाही. त्याचा भार त्याच्या कीर्तीने आधीच उचललेला असतो आणि तो बिघडला तर सगळेच फसले असं म्हणता येतं. अनोळखी माणसाची शिफारस म्हणजे मात्र जामीन राहणं. लोक त्याला ओळखत नाहीत, ते तुमच्या सहीकडे बघून पैसे देतात. म्हणून सहीच्या आधी त्याच्या घरी जाऊन आलं पाहिजे, आणि हप्ता थकला तर आपल्या पगारातून जाईल हे मान्य असलं पाहिजे.

ट्रुमन यांच्या घरी गेलो असतो तर काय सापडलं असतं? जॅक्सन काउंटीचा कारभार पाहत असताना ते कधीकधी कॅन्सस सिटीतल्या पिकविक हॉटेलात एकटे बसून स्वतःपुरती टिपणं लिहीत. रस्त्यांसाठी कर्जाऊ उभारलेला मोठा पैसा गुंडांच्या हातून वाचवायचा म्हणून त्यांनी दादाच्या एका माणसाला सुमारे १०,००० डॉलर चोरू दिले, अशी कबुली त्या टिपणांत आहे. आणि पुढे स्वतःलाच केलेला प्रश्न आहे: मी बरोबर केलं, की गुन्ह्यात सामील झालो? उत्तर लिहिलेलं नाही. आपल्याला माहीत नाही, असं म्हणून त्यांनी तो सोडून दिला आहे.

हे वाचून एखादा म्हणेल, झालं, हा माणूस बाद. मला उलट वाटतं. हात पूर्ण स्वच्छ असलेला माणूस त्या काळच्या त्या गावात रस्ते बांधूच शकला नसता. पण हात मळल्याचं ज्याला रात्री एकट्याला आठवतं, आणि जो ते स्वतःपासून लपवत नाही, त्याच्यासाठी मी सही करीन. बायकोला कर्जाचं माहीत आहे का, हा बाबांचा प्रश्न शेवटी हाच होता.

नुसत्या बेरजेची किंमत

अनोळखी माणूस वाईट निघाला तर आपल्याला चटकन आठवतो. ओळखीचा माणूस नुसत्या बेरजेसाठी घेतला तर काय होतं, ते पाहायला १८६४ मध्ये जावं लागेल.

अब्राहम लिंकन पुन्हा उभे होते, यादवी युद्ध संपत आलेलं नव्हतं. पक्षाने आधीचे उपाध्यक्ष हॅनिबल हॅम्लिन यांना वगळून टेनेसीचे अँड्र्यू जॉन्सन यांना घेतलं. जॉन्सन अनोळखी नव्हते. दक्षिणेतले, विरोधी पक्षातले, तरीही देश फुटू नये म्हणून उभे राहिलेले. उत्तर अधिक दक्षिण, हा पक्ष अधिक तो पक्ष. बेरीज सुरेख जुळत होती.

एक प्रश्न मात्र विचारला गेला नाही: गुलामगिरीतून सुटलेल्या चाळीस लाख माणसांचं हे गृहस्थ पुढे काय करतील? शपथ घेऊन सहा आठवडे झाले आणि लिंकन यांना गोळी लागली. जॉन्सन अध्यक्ष झाले. मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना कसायला दिलेल्या जमिनी त्यांनी जुन्या मालकांना परत मिळवून दिल्या. १८६६ मध्ये नागरी हक्कांचं विधेयक त्यांनी नाकारलं, काँग्रेसला ते त्यांच्या विरोधात जाऊन मंजूर करावं लागलं. १८६८ मध्ये महाभियोगातून ते एका मताने सुटले.

त्या चाळीस लाखांपैकी कुणीही बाल्टिमोरच्या त्या अधिवेशनात मत दिलेलं नव्हतं. बेरीज ज्यांनी केली त्यांना निवडणूक मिळाली. वजाबाकी दुसऱ्यांच्या वाट्याला आली.

सही केल्यानंतर

आता पुन्हा १९४४. शिकागोच्या अधिवेशनात ट्रुमन स्वतः नको म्हणत होते. बर्न्स यांचं नाव सुचवण्याचं त्यांनी कबूल केलेलं होतं. शेवटी हॉटेलच्या खोलीत, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, रूझवेल्ट यांनी फोनवर दटावलं की युद्धाच्या ऐन मध्यावर पक्ष फोडायचा असेल तर ती जबाबदारी त्याची. पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होते. दुसऱ्या फेरीत ट्रुमन निवडून आले.

ऑगस्टमध्ये दोघं व्हाइट हाउसच्या हिरवळीवर जेवायला बसले. कपात साय ओतताना अध्यक्षांचा हात इतका थरथरत होता की ती कपाबाहेर जात होती. ट्रुमन यांनी ते पाहिलं.

आणि मग? मग काही नाही. ट्रुमन ८२ दिवस उपाध्यक्ष होते. त्या काळात कॅबिनेटच्या बैठका सोडल्या तर रूझवेल्ट यांची त्यांच्याशी भेट झाली ती दोनदा. स्टालिनशी काय बोलणं झालं, अणुबॉम्बचं काम कुठवर आलं, यातलं काहीही त्यांना सांगितलं गेलं नाही.

यातला दैवदुर्विलास असा की १९४३ मध्ये याच ट्रुमन यांच्या समितीने वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्ड इथल्या एका प्रचंड, गूढ खर्चाबद्दल विचारणा केली होती. युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी फोन करून सांगितलं, हे गुपित आहे, विचारू नका. ट्रुमन यांनी शब्द दिला आणि विचारणं थांबवलं. तिथे प्लुटोनियम तयार होणार होतं.

१२ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी त्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं गेलं. एलेनॉर रूझवेल्ट यांनी अध्यक्ष गेल्याचं सांगितलं. ट्रुमन यांनी विचारलं, मी तुमच्यासाठी काय करू शकतो? त्यांनी उलट विचारलं की आम्ही तुमच्यासाठी काय करू शकतो, कारण आता संकटात तुम्ही आहात. शपथविधीनंतर स्टिमसन यांनी एका नव्या, भयंकर अस्त्राचा ओझरता उल्लेख केला. पूर्ण माहिती मिळाली २५ एप्रिलला. साडेतीन महिन्यांच्या आत हिरोशिमावर आणि नागासाकीवर बॉम्ब पडला.

सगळं आधी माहीत असलेल्या माणसाने वेगळा निर्णय घेतला असता का, याचं उत्तर कुणाकडेच नाही. पण विचार करायला वेळ मिळाला असता, हे नक्की. तो वेळ देणं रूझवेल्ट यांच्या हातात होतं. त्यांनी माणूस बरा निवडला आणि त्याला अंधारात ठेवला.

असं का होतं? मला वाटतं, दुसऱ्या माणसाला तयार करणं म्हणजे आपण जाणार हे रोज मान्य करणं. नाव जाहीर करायला एक दिवसाचं धैर्य पुरतं. त्याला शेजारी बसवून कागद दाखवायला रोजचं लागतं. ते आपल्यातल्या भल्याभल्यांकडे नसतं. घरातले व्यवहार मुलीला किंवा बायकोला कधीच न समजावता गेलेले कर्ते पुरुष आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. निवड करून थांबणं ही अर्धी निवड आहे. जामीनदाराचं काम सही झाल्यावर सुरू होतं.

चाचणीत नापास झालेला माणूस

इथपर्यंत मी जे म्हटलं त्याला अडचणीत आणणारी एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

१८८० मध्ये जेम्स गारफील्ड यांच्यासोबत उपाध्यक्षपदासाठी चेस्टर आर्थर यांना घेतलं गेलं. यापूर्वी त्यांनी एकही निवडणूक जिंकलेली नव्हती. न्यूयॉर्क बंदराच्या जकातीचे ते मुख्य अधिकारी होते, आणि ती जागा म्हणजे पक्षाच्या माणसांना नोकऱ्या वाटण्याचं दुकान होतं. १८७८ मध्ये तत्कालीन अध्यक्ष हेझ यांनी त्यांना तिथून काढलं. रॉस्को कॉन्कलिंग या पुढाऱ्याचा हा हस्तक. माझ्या कुठल्याही चाचणीत ते नापास होतात. बाबांनी तर चहासुद्धा घेतला नसता.

जुलै १८८१ मध्ये सरकारी नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने गारफील्ड यांना गोळी घातली, आणि आता आर्थर अध्यक्ष होतील असं तो मोठ्याने म्हणाला. गारफील्ड अडीच महिने अंथरुणावर होते. देशभर संशय, संताप. आर्थर न्यूयॉर्कमध्ये घरात बसून होते.

त्या दिवसांत त्यांना एक पत्र आलं. लिहिणारी होती न्यूयॉर्कमध्येच राहणारी, आजारपणामुळे बहुतेक घरातच असणारी जूलिया सँड नावाची एक स्त्री. तिची त्यांची ओळख नव्हती. तिने लिहिलं त्याचा आशय असा: तुम्ही अध्यक्ष होणार या विचाराने लोक घाबरले आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्यात चांगुलपणाची ठिणगी असेल तर ती दाखवण्याची हीच वेळ आहे. सुधारा.

आर्थर अध्यक्ष झाले. कॉन्कलिंगचं त्यांनी ऐकलं नाही. १६ जानेवारी १८८३ रोजी त्यांनी पेंडलटन कायद्यावर सही केली, ज्याने सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी परीक्षेने देण्याची सुरुवात झाली. ज्या दुकानावर ते मोठे झाले त्याच दुकानाचं शटर त्यांनी खाली ओढायला घेतलं. जूलिया मधल्या काळात लिहीतच होती, कधी कौतुक, कधी खरमरीत टीका. एकूण २३ पत्रं. ऑगस्ट १८८२ मध्ये एका संध्याकाळी अध्यक्षांची घोडागाडी न सांगता तिच्या दारात येऊन उभी राहिली. मरण्याआधी आर्थर यांनी आपले बहुतेक कागद जाळून टाकायला लावले. जूलियाची पत्रं मात्र वाचली.

मग माझी चाचणी फुकट गेली का? नाही. पाकिटं घेणारे बहुतेक जण ॲग्न्यूच होतात, आर्थर होत नाहीत. अपवादाच्या भरवशावर कुणाच्या कर्जाला सही करू नये. पण ही गोष्ट दुसरं काही सांगते. ज्यांनी आर्थर यांना निवडलं त्यांनी जामीनदाराचं काम केलंच नव्हतं. ते पडून राहिलेलं काम, कुणी न सांगता, घरात पडून असलेल्या एका स्त्रीने उचललं. तिला मताचा अधिकारही नव्हता. कुणाच्या अधिवेशनात तिला खुर्ची नव्हती. तरी तिने सही केली, आणि मग हप्ते फिटतात की नाही यावर सतत नजर ठेवली.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर एक अनोळखी नाव दिसलं आणि फोन काढून ‘हे कोण?’ शोधावंसं वाटलं, तर जरूर शोधा. पण तेवढ्यावर थांबू नका. या माणसाने कुणी बघत नसताना काय केलं, ते शोधा. ‘नाही’ कुणाला म्हटलं, ते शोधा. आणि त्याला पुढे करणारा माणूस उद्या हप्ता थकला तर ‘सही माझी आहे’ म्हणेल का, याचाही अंदाज घ्या.

बाबांचे ते सहकारी अजून दिवाळीला घरी येतात. कर्ज फिटून कितीतरी वर्षं झाली. येताना सोबत बायको असते.